रक्तातली कुसळं

महेंद्रच्या जलदान विधीला आलेली माणसं जेवायला बसली होती. वंदना झाली होती, मंडपातला पंखा घरघरत होता, वाढपी भाताची पातेली घेऊन फिरत होते. तेवढ्यात धोंडाबाई उठून उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत सुनेकडे बोट करून म्हणाली, "माज्या पोराला हिनं खाऊ घालून मारलं. तेलात बुडवला त्याला."

मेघा आतल्या उंबऱ्यात लेकीला जवळ घेऊन बसली होती, ती तशीच बसून राहिली. शेजारच्या एका बाईने धोंडाबाईला खांद्याला धरून खाली बसवलं. पंगत पुढे सुरू झाली. पण त्या दिवसापासून किन्हवलीच्या त्या आळीत ती गोष्ट पक्की झाली, की महेंद्र बायकोच्या हातचं खाऊन गेला.

महेंद्र त्रेचाळीस वर्षांचा होता. आसनगावला एका कारखान्यात फिटर होता. अंगाने सडपातळ, दारू नाही, तंबाखू नाही. रविवारी मटण लागायचं आणि मधल्या दिवसांत सुकट नाहीतर बोंबील, एवढीच त्याची हौस. त्या सकाळी तो ड्यूटीवर जायला निघाला आणि अंगणातच थांबला. जबडा दुखतोय म्हणाला, मग छातीत जळजळतंय म्हणाला. मेघाने लिंबू-सोडा करून दिला. तो पिऊन तो ओट्यावर बसला. शेजाऱ्याची जीप येईपर्यंत त्याला दरदरून घाम फुटला होता, आणि शहापूरच्या अलीकडेच त्याचा हात मेघाच्या हातात ढिला पडला.

तो सोडा मेघाच्या डोक्यातून जात नव्हता. सासू म्हणते ते तेल तर नव्हतंच जात.

एक गोष्ट मात्र तिला समजत नव्हती. जाण्याच्या काही महिने आधी कारखान्यात तपासणी झाली होती. महेंद्रने रिपोर्ट आणून तिच्यासमोर धरला होता आणि हसून म्हणाला होता, "बघ, कोलेस्टेरॉल नॉर्मल. रविवारचं मटण चालू." तिनेही तो नीट वाचला होता. बारावीपर्यंत शिकलेली होती ती. आकडे मर्यादेच्या आत होते. मग काय झालं?

तिने एकदा सासूला हे सांगून पाहिलं. धोंडाबाई म्हणाली, "कागद कागदाच्या जागी. मी डोळ्यानं तवंग बघितलाय कालवणावरचा."

त्यानंतर धोंडाबाईने मेघाच्या हातचं खाणं सोडलं. मागच्या पडवीत तिने वेगळी चूल मांडली. स्वतःपुरता भात शिजवायची आणि सुक्या मिरचीच्या चटणीशी खायची. मेघाशी बोलणंही बंद. काही हवं असलं तर नम्रताला सांगायची. नम्रता नववीत होती. आजी आणि आई एकाच घरात राहून एकमेकींना निरोप धाडायच्या, आणि ते निरोप पोहोचवता पोहोचवता ती पोरगी हळूहळू मुकी झाली.

*

महेंद्रचा धाकटा भाऊ नरेंद्र रेल्वेत ट्रॅकमन होता. बायको अनितासोबत कसाऱ्याला क्वार्टरमध्ये राहायचा. भाऊ गेल्यावर त्याच्या मनाने धास्ती घेतली होती. त्यात पावसाळा संपता संपता घाटात काम करताना त्याला धाप लागली. हातातली पहार खाली ठेवून तो रुळाच्या कडेला बसला, तेव्हा सोबतच्यांनी त्याला चेष्टेने विचारलं, "काय रे, म्हातारा झालास?" तो पहार उचलून उठला. सुट्टी टाकून कल्याणला हृदयाच्या डॉक्टरकडे गेला.

डॉक्टर कुणाली भोईर चाळिशीच्या आतबाहेरच्या, भिवंडीकडच्या शेतकरी घरातल्या होत्या. त्यांनी आधी महेंद्रबद्दल विचारलं. मग म्हणाल्या, "वडिलांकडचं किंवा आईकडचं कुणी असं कमी वयात गेलं?"

वडील नथू म्हातारपणी खोकल्याने गेले होते. त्यांचे भाऊ अजून काठी टेकत शेतावर जात होते. आईकडचं नरेंद्रला ठाऊक नव्हतं. धोंडाबाईचं माहेर मुरबाडकडचं, पण तिकडे जाणंयेणं त्याच्या जन्माआधीपासून तुटलेलं. त्याने दवाखान्याच्या दारात उभं राहून आईला फोन लावला.

"नाय," धोंडाबाई म्हणाली. "आमच्याकडं दुखण्यानं कोण नाय गेलं असं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. नेहमीच्या कोलेस्टेरॉलबरोबर आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या आणि भावाचा जुना रिपोर्ट असेल तर घेऊन या म्हणाल्या.

रक्त शहापूरच्या लॅबमध्ये दिलं, ते पुढे मुंबईला गेलं, आणि काही दिवसांनी रिपोर्ट नरेंद्रच्या मोबाइलवर आला. त्याला काही उमजेना. त्याने तो मेघाला पाठवला आणि फोन केला.

"वयनी, वरती सगळं बरोबर दाखवतंय. कोलेस्टेरॉल बरोबर, वाईट कोलेस्टेरॉल पण बरोबर. खालच्या दोन ओळी तेवढ्या ठळक केल्यात. एक एपोबी का काय, आणि एक लायपोप्रोटीन ए. दोनी जास्त. एक बोलतं मी ठीक हाय, दुसरं बोलतं नाय. कोणाचं खरं मानू?"

"लॅबवाला काय बोलला?"

"तो बोलतो, जाड अक्षर म्हणजे जास्त. बाकीचं डॉक्टरला विचारा."

मेघाने महेंद्रचा रिपोर्ट काढून मोबाइलच्या बाजूला धरला. वरचे आकडे दोघा भावांचे जवळपास सारखे होते. खालच्या दोन ओळी महेंद्रच्या कागदावर नव्हत्याच. कारखान्याच्या तपासणीत त्या कुणी मोजल्याच नव्हत्या.

"नरेंद्र," ती म्हणाली, "तुज्याबरोबर मी पण येते."

*

डॉक्टर भोईरनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी ठेवले. नरेंद्र खुर्चीच्या टोकावर बसला होता, मेघा फाइल मांडीवर घेऊन.

"तुमच्याकडे भात आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाय. थोडा."

"झोडणी झाली की किती मण झाला ते बघता. ह्या वरच्या ओळीत तेवढंच आहे. रक्तातून कोलेस्टेरॉल किती मण चाललंय, ते. तुमचं बेताचं आहे, भावाचंही बेताचं होतं. पण तो भात सुटा जात नाही, भरून जातो. मोठ्या पोत्यांत भरला तर दहा पोती होतील. तेवढाच भात लहान थैल्यांत भरला तर पंचवीस होतील. मण तेवढेच, थैल्या जास्त. रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन अडकते ती थैली. म्हणून वजन बघून भागत नाही, थैल्या मोजाव्या लागतात. हे एपोबी म्हणजे थैल्यांची मोजणी. प्रत्येक थैली म्हणजे एक कण, आणि त्यावर ते एक असतं, एकच. तुमचे कण जास्त आहेत."

नरेंद्रने मान हलवली. मेघाने विचारलं, "आणि खालचं?"

"ते जास्त महत्त्वाचं आहे. ह्या कणांमधल्या काहींना वरून एक शेपटासारखं लागलेलं असतं. माळरानातून चालत गेलं की लुगड्याला कुसळं चिकटतात ना, झटकली तरी निघत नाहीत? तसं. असे कण भिंतीला चिकटतात, भिंत खराब करतात, त्यात रक्ताच्या गाठीची भीती वाढते. पन्नासच्या आत असायला हवं. ह्यांचं एकशे बेचाळीस आहे."

"ते कशानं होतं?" मेघाने विचारलं. "खाण्यानं?"

"नाही. हे जन्मतःच ठरतं. आईकडून किंवा बापाकडून येतं. उपाशी राहिलात तरी खाली येत नाही, आणि मटण खाऊन एवढं वर जात नाही."

"म्हणजे माज्या..." मेघा थांबली. नरेंद्र खाली बघत होता. जलदानाच्या मंडपात तोही बसलेला होता. "म्हणजे माज्या सैपाकानं ते गेले नाय?"

डॉक्टरांनी महेंद्रचा कागद उचलला, पुन्हा ठेवला.

"मला खोटं सांगता येणार नाही. त्यांचं रक्त आता आपल्याकडे नाही. त्यांचे कण कुणी मोजले नाहीत. भावात आहे म्हणजे त्यांच्यात असेलच, असं छातीठोक म्हणता येत नाही. पण सडपातळ माणूस, व्यसन नाही, साधा रिपोर्ट नॉर्मल, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी असा जातो, तेव्हा माझा पहिला संशय ह्यावरच जाईल. तुमच्या कढईवर नाही."

मेघाला वाटलं होतं, हे ऐकून रडू येईल. तसं काही झालं नाही. अंगातून काहीतरी सुटावं तसं वाटलं, आणि त्याच्यापाठोपाठ राग आला. महेंद्र हसून रिपोर्ट दाखवत होता तेव्हा त्या दोन ओळी त्यावर असत्या तर?

"गोळी हाय का ह्याच्यावर?" नरेंद्रने विचारलं.

"कुसळं काढायची गोळी आज आपल्या हातात नाही. पण थैल्या कमी करायची आहे. एकूण थैल्या कमी झाल्या की भिंतीवरचा मारा कमी होतो. ती रोज घ्यायची, आयुष्यभर. बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. आणि आधी तुमच्या रक्तवाहिन्या बघू."

मग त्यांनी मेघाकडे बघून विचारलं, "भावाला मुलं किती?"

"एक मुलगी."

"तिचं बघून घ्या. आणि आईंचंही."

*

नरेंद्रच्या तपासणीत एक नस बरीच चोंदलेली निघाली. त्यात जाळी बसवावी लागली. रेल्वेने त्याला रुळावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. उघड्यावर वाढलेला आणि घाटात राबलेला माणूस, तो दिवसभर लोखंडाच्या रॅकमध्ये बसून नटबोल्ट मोजू लागला. अनिता सांगायची, रात्री मध्येच उठतो आणि मनगटावर बोट ठेवून बसतो.

नम्रताची तपासणी मेघाने महिनाभर पुढे ढकलली. कधी परीक्षा होती, कधी बस चुकली. खरं म्हणजे तिला कळून घ्यायचं नव्हतं. शेवटी शहापूरला नेलंच. रिपोर्ट आला तेव्हा एपोबी ठीक होतं. कुसळांची ओळ जाड होती.

डॉक्टर फोनवर म्हणाल्या, पोरीला आत्ता गोळी नको. वजन सांभाळायचं, खेळायचं, तंबाखू-मिसरीला कधी हात लावायचा नाही, मोठी होईल तसं दरवेळी डॉक्टरला हे सांगायचं. "घाबरू नका. सगळ्यांना होतंच असं नाही. पण तिला लहानपणीच कळलं, हा फायदा आहे."

मेघाने नम्रताला समोर बसवून सगळं सांगितलं. पोरीने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पप्पांसारखंच हाय?"

"पप्पांचं मोजलं नव्हतं."

"मोजलं असतं तर असंच आलं असतं ना?"

मेघाने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. नम्रता उठून पडवीत आजीकडे गेली.

आजी-नातीचं काय बोलणं झालं ते मेघाने भिंतीआडून ऐकलं. नम्रता सांगत होती, "आजी, हे रक्तातनं येतं. पप्पांकडनं मला आलं."

"आणि पप्पाला कोणाकडनं?"

"आजोबांकडनं. नायतर तुज्याकडनं."

चुलीतलं लाकूड पुढे सरकवल्याचा आवाज तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडाबाई धुतलेलं लुगडं नेसून अंगणात उभी होती. मेघा बाहेर आली तशी ती म्हणाली, "मला शहापूरला ने. माजं पण रक्त बघू दे."

त्या दोघी बसमध्ये एका बाकावर बसून गेल्या. वाटेत शेणव्याला बस जरा थांबली, फेरीवाला काकड्या घेऊन चढला, मेघाने विचारलं, "घ्यायची का, आई?" धोंडाबाईने मान हलवून नको म्हटलं. बाकी काही बोलणं झालं नाही. लॅबमध्ये सुई टोचली तेव्हा म्हातारीने दुसरीकडे बघितलं नाही. नळीत रक्त चढताना एकटक पाहत राहिली.

*

धोंडाबाईचा आकडा घरात सगळ्यांत मोठा निघाला. एकशे अडुसष्ट.

नरेंद्रचा फोन आला. "वयनी, आईला नॉर्मल सांग."

"ती विचारेल."

"विचारू दे. सत्तरीची म्हातारी ती. तिला हे सांगून काय मिळणार हाय आपल्याला?"

"तुला काय मिळणार हाय ते मला ठाव नाय," मेघा म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

तिला सांगायचं होतं. हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. पडवीतल्या त्या वेगळ्या चुलीचा धूर तिने वर्षभर सहन केला होता. नळावर बायका तिला बघून गप्प व्हायच्या. लेकीला डबा भरून देताना तेलाची पळी हातात घेतली की तिचा हात थांबायचा. हे सगळं तिला एका वाक्यात परत करायचं होतं. ती पडवीत गेली. धोंडाबाई तांदूळ निवडत होती.

"आई, रिपोर्ट आला."

"काय आलं?"

"तुमच्यात हाय. सगळ्यांपेक्षा जास्त हाय."

धोंडाबाईचा हात सुपात तसाच राहिला. मेघा थांबून होती. आता म्हातारी ओरडेल, नाकारेल, कागद खोटा म्हणेल, असं तिला वाटत होतं. त्यासाठी तिने शब्दही तयार ठेवले होते.

"माज्यात हाय," धोंडाबाई म्हणाली, "तर मी कशी जित्ती?"

"डॉक्टर बोलल्या, सगळ्यांना होत नाय. का होत नाय ते त्यांना पण नीट सांगता येत नाय."

"मला व्हायला पायजे व्हतं."

मेघाचे तयार ठेवलेले शब्द तोंडातच राहिले. म्हातारीचं तोंड एकदम लहान दिसत होतं. मग ती म्हणाली, "गोमा पण असाच गेला."

"कोण गोमा?"

"माजा भाव. पाठचा. मुरबाडच्या बाजारात भाजी घेता घेता पडला. महेंद्रापेक्षा लहान व्हता तवा."

मेघा खाली बसली. "मग डॉक्टरनी विचारलं तेव्हा का नाय बोलला तुमी? नरेंद्रनं दवाखान्यातनं फोन केलाता."

"तो दुखण्यानं नाय गेला. त्याला बायकोनं खाण्यात काय तरी घातलं, असं सगळी बोलत व्हती."

मेघाने सासूकडे बघितलं. कोण सगळी, असं विचारायची गरज तिला वाटली नाही.

"त्यांना पोर होतं?"

"पोरगी. संघरत्ना. अंगावर पीत व्हती तवा. पारू तिला घेऊन माहेरी गेली, म्हसा रस्त्याला. मग आमी नाय बघितली."

"आई, मग त्या पोरीला सांगाया पायजे."

धोंडाबाईने सूप बाजूला ठेवलं. "चल," ती म्हणाली. "मी पण येते."

*

किन्हवलीहून सरळगावला, तिथून मुरबाडला आणि मुरबाडहून जीपने पुढे. विचारत विचारत दोघी पारूच्या भावाच्या घरी पोचल्या. मागच्या बाजूला एका खोलीत पारू राहत होती. दारात बसून ती वालाच्या शेंगा सोलत होती. केस पांढरे, हात मात्र भरभर चालणारे. तिने मान वर करून पाहिलं आणि तिला ओळख पटायला फारसा वेळ लागला नाही.

"वन्सं," ती म्हणाली. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही.

धोंडाबाई दाराशीच उभी राहिली. तेव्हा मेघानेच सांगायला सुरुवात केली. आपण कोण, महेंद्र कसा गेला, नरेंद्रचं काय निघालं, रक्तात काय असतं आणि ते कसं उतरतं. पारू शेंगा सोलत ऐकत होती.

"म्हणून संघरत्नाताईंचं रक्त एकदा बघायला हवं, मामी," मेघा म्हणाली. "लवकर बघितलं तर गोळी असते. त्या कुठं असतात आता?"

पारूचे हात थांबले नाहीत. "ती नाय."

"सासरी असतील ना. फोन नंबर दिलात तर मी बोलते."

"ती नाय गो. दोन वर्सं झाली." पारूने दाणे टोपलीत टाकले. "नाशकाला दिली व्हती. शाळेत शिकवत व्हती. वर्गात छातीत जळजळतंय बोल्ली, गोळी खाल्ली ॲसिडिटीची, खुर्चीत बसली ती बसलीच. पोरांना वाटलं, बाईंना झोप लागली."

दोन वर्षं म्हणजे तेव्हा महेंद्र होता. कारखान्यात जात होता, रविवारी बाजारातून पिशवी भरून आणत होता. त्या वेळी कुणी किन्हवलीला सांगितलं असतं की तुझी मामेबहीण अशी गेली, तुझा मामा असा गेला होता, तर त्याने एखाद्या डॉक्टरला विचारलं असतं का? कदाचित विचारलं नसतं. कदाचित हसून सोडून दिलं असतं. पण विचारलंही असतं.

"आमाला का नाय कळवलंत, मामी?" तिच्या तोंडून गेलं.

पारूने पहिल्यांदा हात थांबवले. ती मेघाशी बोलली, पण बघत होती धोंडाबाईकडे.

"कोणाला कळवू? तिच्या बापाच्या मयताला ह्या काय बोलल्या ते माज्या कानात हाय अजून. पोर अंगावर पीत व्हती, त्या पोरीच्या देखत बोलल्या. हिनं माज्या भावाला घातलं म्हणून. गावानं मग मला राहू दिली नाय. माजी पोरगी गेली तवा परत तेच ऐकाया बोलवू होय तुमाला?"

धोंडाबाई खाली बसली. तिने टोपलीकडे हात नेला, एक शेंग उचलली. पारूने टोपली आपल्याकडे ओढून घेतली.

शेजारच्या घरात टीव्हीवर कसली तरी जाहिरात चालू होती. धोंडाबाईच्या हातात ती एक शेंग तशीच राहिली. मेघाला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. पारूलाही तसं वाटलं असावं, कारण ती थांबली होती. पण म्हातारीचे ओठ नुसते हलले आणि मिटले.

"ताईंना मुलं हायत?" शेवटी मेघानेच विचारलं.

"दोन. त्यांचा बाप धाडत नाय इकडं. तो बोलतो, तुमच्या रक्तातच काय तरी वंगाळ हाय." पारू कोरडं हसली. "खरंच बोलला म्हणायचं."

"त्यांचा नंबर द्या, मामी. पोरांसाठी."

पारूने टोपली बाजूला सारली. मग आत जाऊन मोबाइल घेऊन आली आणि मेघाच्या हातात दिला. मेघाने त्यातून नंबर घेऊन तिथूनच आपल्या फोनवरून लावला. पलीकडच्या माणसाने नाव ऐकलं, मुरबाड ऐकलं आणि फोन कट केला. तिने पुन्हा लावला. पुन्हा कट झाला. तेव्हा तिने मेसेज लिहिला. तपासणीचं नाव लिहिलं, डॉक्टरांचा नंबर लिहिला, आणि लिहिलं की दोष कुणाचा नाही, पण पोरांचं एकदा बघून घ्या.

निघताना धोंडाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "पारू," ती म्हणाली.

"जा वन्सं," पारू म्हणाली. "गाडी चुकेल."

मुरबाडच्या स्टँडवर बस यायला वेळ होता. मेघाने पाण्याची बाटली पुढे केली. धोंडाबाईने ती घेतली, पाणी प्याली. मग तिने समोर बाजाराच्या बाजूला बघत विचारलं, "तो सोडा तू दिलास त्याला सकाळी. मी तुज्या जागी असते तर मी पण तोच दिला असता. नाय?"

मेघाने तिच्याकडे पाहिलं. एवढंच काय ते म्हातारीने कबूल केलं. मेघाला ते पुरेसं वाटलं नाही, आणि त्याहून जास्त मागायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "तुमी पण तोच दिला असता."

*

पडवीतली चूल त्यानंतरही पेटत राहिली. धोंडाबाई म्हणायची, आता सवय झाली. नळावरच्या बायकांना मेघाने एकदोनदा कणांचं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण तिच्या पाठीमागे काय बोललं जातं ते तिला कळत होतं. महेंद्रचं रक्त कुणी मोजलेलं नव्हतं, आणि ज्याला मानायचं नाही त्याला तेवढं पुरे होतं. नरेंद्र मात्र गोळी चुकवत नव्हता. नम्रता शाळेच्या खो-खोच्या संघात जाऊ लागली होती, आणि ती पळताना मेघा मैदानाच्या कडेला श्वास धरून उभी राहायची.

नाशिकहून काही उत्तर येईल ही आशा मेघाने सोडली होती. तोवर भातकापणी उरकली, थंडी पडली. एका दुपारी घरात ठेवलेल्या मेघाच्या फोनवर अनोळखी नंबर आला. धोंडाबाईने उचलला. तिने थोडा वेळ ऐकलं आणि काही न बोलता फोन मेघाकडे दिला.

पलीकडे पारू होती. "जावयाचा फोन आलाता," ती म्हणाली. "तुजा नंबर पण त्यानंच दिला. रडत व्हता. पोरांचं बघितलं त्यानं. धाकट्यात नाय. मोठीत हाय."

"केवढी हाय मोठी?"

"बारा वर्सांची." पारू थांबली. "आता काय करायचं ते सांग मला. मी त्याला सांगते. सावकाश सांग, मला ध्यानात राहू दे."

मेघा ओट्यावर बसली. कुसळांचं, थैल्यांचं, मोठी झाल्यावरच्या गोळीचं, छातीत जळजळलं तर सोडा न देता आधी कुठे न्यायचं त्याचं, एकेक करून ती सांगू लागली. धोंडाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. पलीकडून पारू प्रत्येक गोष्टीनंतर नुसतं "हां" म्हणत होती, आणि कुठे अडली तर म्हणत होती, "परत सांग."